लांब रात्रीचे पीक

औसा, जि. लातूर
मार्गशीर्ष वद्य नवमी

चि. बाळ हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस की हेलसिंकीत आता दुपारी सव्वातीनच्या सुमारासच सूर्य मावळतो, उन्हाळ्यात व्हायचे त्याच्या निम्मेही काम हातून होत नाही आणि संध्याकाळी काहीच न करता खिडकीशी बसून राहिले की अपराधी वाटते. त्यावर मी ‘थोडा नेट लाव’ एवढेच बोललो. फोन ठेवल्यानंतर ते शब्द मला रात्रभर टोचत राहिले, म्हणून हे पत्र लिहायला बसलो आहे.

आपल्या वावरातला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, सध्या पोटरीत आला आहे; कणीस अजून पानाच्या वेष्टनातच आहे. पेरणी झाली, कोळपणीही झाली, आणि आता थंडी, दव व काळ्या रानाने पावसाळ्यात पोटात साठवून ठेवलेली ओल एवढ्यावरच त्याचे चालले आहे. आपण त्याच्यासाठी करावे असे फारसे काही उरलेले नाही. इतकी वर्षे मी वर्गात शिकवत आलो की ज्वारी ही लहान दिवसांची वनस्पती आहे, म्हणजे दिवस आखूड होऊ लागले की ती फुलोऱ्याकडे वळते. पण या नावात एक फसगत आहे. अशी वनस्पती खरे तर दिवस मोजत नाही, ती रात्र मोजते. पुरेसा लांब आणि सलग अंधार मिळाला तरच तिच्यात फुलोरा धरतो. प्रयोगशाळेत अशा वनस्पतींवर ऐन मध्यरात्री थोडा वेळ उजेड पाडला, तर एकूण अंधाराचे तास जवळपास तेवढेच राहूनही त्यांचे फुलणे लांबते किंवा थांबते. अंधार नुसता असून भागत नाही, तो अखंड असावा लागतो.

हे मी मुलांना कितीतरी वर्षे फळ्यावर लिहून दिले, पण माझ्या स्वतःच्या जगण्याशी त्याचा काही संबंध असेल, हे २०१६ साली निवृत्त होईपर्यंत मला सुचले नाही. त्या वर्षी राखणीला माणूस मिळाला नाही, म्हणून पौषातले तीन आठवडे मी स्वतः वावरातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसलो. सकाळी आणि सायंकाळी पाखरांचे थवे उतरत तेव्हा गोफण फिरवायची. मधले तास मात्र पूर्ण रिकामे. पहिले चार दिवस मी वर्तमानपत्र, रेडिओ, जुने हिशेब असे सगळे वर घेऊन गेलो. पाचव्या दिवशी काहीच नेले नाही, आणि त्यानंतर जे मनात येऊ लागले ते सारेच सुखाचे नव्हते.

तू दहावीत असताना दिवाळीच्या आठ दिवसांत आजीकडे जाऊ दे म्हणून रडली होतीस आणि मी तुला जादा तासांना बसवले होते, हे मला त्या माळ्यावर आठवले. आजीची ती शेवटची दिवाळी ठरली. त्या गोष्टीला तेव्हा बरीच वर्षे उलटून गेली होती, पण शाळा, शिकवण्या आणि शेती यांच्या धबडग्यात मी तिच्याकडे एकदाही वळून पाहिले नव्हते. तुझ्याशी याविषयी बोलायला मला इतका वेळ लागला, त्याबद्दल आणि त्या दिवाळीबद्दलही, बाळा, मला क्षमा कर. थांबण्याची भीती तू माझ्याकडूनच शिकली असावीस, आणि म्हणूनच ती सोडण्याविषयी तुझ्याशी मीच बोलले पाहिजे असे मला वाटते.

तिकडे डिसेंबरच्या अखेरीस दिवस सहा तासांचाही भरत नाही, आणि जूनमध्ये तो जवळजवळ एकोणीस तासांचा होतो, असे तूच सांगितले होतेस. आपल्याकडे अगदी आखूड दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. तेव्हा जूनचे काम डिसेंबरकडून मागू नकोस. तुझ्या खिडकीसमोरचे भूर्जवृक्षसुद्धा पाने गाळून, कळ्या मिटून उभे आहेत; पुरेशी थंडी अंगावरून गेल्याशिवाय त्या कळ्या वसंतातही नीट फुटत नाहीत. संध्याकाळ रिकामी वाटली तर लगेच मोबाइलच्या उजेडाने ती मधेच तोडू नकोस. एखादी वही जवळ ठेव. त्या वहीत संकल्प आणि कामांच्या याद्या मात्र नकोत. या वर्षी काय राहून गेले, कोणाशी बोलायचे होते, कोणते काम मनापासून केले आणि कोणते केवळ लोकांनी पाहावे म्हणून, असे जे वर येईल ते लिही, आणि काहीच वर आले नाही तर लिहू नकोस.

मात्र एक फरक ध्यानात ठेव. संथ होणे वेगळे आणि खचणे वेगळे. दिवसचे दिवस झोप बिघडली, जेवण नकोसे झाले, कशातच गोडी वाटेनाशी झाली, तर त्याला विश्रांती समजून अंगावर काढू नकोस; विद्यापीठातल्या डॉक्टरांना सरळ जाऊन भेट. काळोख्या हिवाळ्यात असे होते आणि त्यावर उपचारही आहेत. दुपारी जे थोडे ऊन पडते, त्यात रोज फिरून येत जा.

शनिवारी येळवस, म्हणजे वावरात पूजा करायची वेळ अमावास्या आहे. कडब्याची खोप उभारून झाली आहे, पांडव म्हणून मांडलेल्या पाच दगडांना चुना लावायचा राहिला आहे, आणि आईने भज्जीसाठी वालाच्या शेंगा, हरभरा, तूर असे सारे सांगून ठेवले आहे. आंबिलाचे मडके नेहमीप्रमाणे मीच डोक्यावर नेणार. आम्ही बाराला पूजा करू तेव्हा तुझ्याकडे साडेआठ वाजलेले असतील आणि बाहेर अजून अंधारच असेल. दरवर्षी तू त्या वेळी उठून फोन करतेस. या वर्षी गजर लावू नकोस. झोप पुरी होऊ दे. आम्ही दिवस मावळेपर्यंत वावरातच आहोत.

तुझे,
आण्णा