तोळ्याच्या वजनाची परदेशी नाणी

हॅम्बुर्ग,
२८ डिसेंबर

तीर्थरूप आबा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आबा, यंदा कोणती नाणी घेतली ते सविस्तर कळव असं तुम्ही म्हणाला होता. फोनवर वजनं-मापं नीट सांगता येत नाहीत, आणि आता सोनूलाही नाद लागलाय, म्हणून सगळं कागदावर घालतो. पत्र त्याला वाचून दाखवा आणि वजनाचे आकडे वहीत उतरवून घ्यायला सांगा.

यंदा ठरवून एका वजनाच्या मागं लागलो. १८३५ च्या कायद्यानं कंपनी सरकारनं रुपया १८० ग्रेनचा ठरवला, म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी ९१.७ टक्के. हा रुपया कच्छी, गुजराती, बोहरी व्यापाऱ्यांबरोबर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला आणि तिथल्या बाजारात इतका मुरला, की पुढं तिथं राज्य करायला आलेल्या जर्मन आणि इटालियन लोकांनाही रुपयाच पाडावा लागला. राजाचं तोंड बदललं, लिपी बदलली, तोळा तेवढा राहिला. यादीच्या पुस्तकात ही नाणी जर्मनी, इटली, चीन अशी लांबलांबच्या पानांवर असतात, त्यामुळं एकत्र फार कमी लोक जमवतात. माझ्या मते जगातली सगळ्यात बोलकी नाणी हीच.

सुरुवात इथल्याच नाण्यापासून करतो. जर्मन पूर्व आफ्रिकेचा, म्हणजे आजच्या टांझानियाकडचा, रुपया. दोन घेतले, १८९० चा आणि १९११ चा. १८९० चा जर्मन कंपनीनं पाडलेला: पुढं गरुडाचं शिरस्त्राण घातलेला कैसर दुसरा विल्हेल्म, मागं सिंह आणि ताडाचं झाड. तेव्हा हिशोब अगदी आपल्यासारखा, एका रुपयाचे ६४ पेसा. १९०४ पासून जर्मन सरकारनं रुपयाचे १०० हेलर केले आणि १५ रुपये म्हणजे २० मार्क असा भाव बांधला. १९११ च्या नाण्यावर मागं बारीक ‘जे’ अक्षर आहे, ती हॅम्बुर्गच्या टांकसाळीची खूण. ‘ए’ असेल तर बर्लिन. घेताना शिरस्त्राणावरचा गरुड भिंगातून बघायचा. तो सगळ्यात उंच भाग, आधी तोच झिजतो. गरुड सपाट आणि बाकी नाणं मात्र लखलखीत दिसलं, तर ते घासून चमकवलंय असं समजायचं.

दुसरं ताबोराचं २० हेलर, साल १९१६. हे चांदीचं नाही आणि तोळ्याचंही नाही, तरी या रांगेत हवंच. महायुद्धात इंग्रजांनी समुद्राची नाकेबंदी केली, जर्मनीहून नाणी येईनात, तेव्हा याच वसाहतीतल्या ताबोरा गावात रेल्वेच्या कारखान्याच्या यंत्रांवर ही पाडली. काही पितळेची, काही तांब्याची. पुढं मुकुट, त्याखाली वसाहतीची तीन आद्याक्षरं, साल आणि ताबोराचं ‘टी’. ठसे हातानं कोरलेले, म्हणून प्रकार पुष्कळ: मुकुट मोठा की लहान, आणि हेलर शब्दातल्या ‘एल’ अक्षरांची टोकं वळलेली की टोकदार, यावर प्रकार ठरतो आणि त्यावर भाव. छाप अर्धवट उठलेला, मधे फिका, कडेला ठसा सरकलेला असं हमखास असतं. तो दोष धरायचा नाही, ती नाणी तशीच निघाली. उलट फार रेखीव, काठ एकसारखा गोल असलेलं ताबोरा दिसलं की मी हात आखडता घेतो. त्याच टांकसाळीत हत्तीच्या चित्राचं १५ रुपयांचं सोन्याचं नाणंही पडलं. ते आपल्या आवाक्यातलं नाही आणि त्याच्या नकला बाजारात भरपूर आहेत.

तिसरं इटालियन सोमालीलँडचा १९१० चा रुपया. तिसरा व्हित्तोरियो एमानुएले राजा, मागं किंमत इटालियन आणि अरबी दोन्ही लिप्यांत, रोमच्या टांकसाळीचं ‘आर’. वजन आणि कस डोळे झाकून आपलाच. यात सुट्टे म्हणजे बेसा, १०० बेसांचा एक रुपया. १९१० ते १९१५ ची सालं बरी मिळतात. १९२० आणि १९२१ ला कित्येक पट भाव आहे, म्हणून खोटीही तिथंच जास्त. ती सालं विश्वासाच्या लिलावाबाहेर घेऊच नयेत.

वर्षातलं माझं सगळ्यात लाडकं चौथं आहे: सेचुआनचा रुपया. तिबेटात आपला राणीछाप रुपया इतका चालू लागला, की त्याला हटवायला चीनच्या सेचुआन प्रांतानं १९०२ च्या सुमारास त्याच धाटणीचा रुपया काढला. राणीच्या जागी ग्वांगशू बादशहाचा डावीकडं तोंड केलेला चेहरा. मागं फुलापानांच्या वेलीत चार चिनी अक्षरं, मधोमध छोटं फूल. आबा, पेटीतला राणीछाप रुपया शेजारी ठेवला की कुठून काय उचललंय ते लगेच दिसतं: चेहऱ्याची मांडणी तीच, मागची वेलही तीच. प्रकार ओळखताना दोन गोष्टी बघायच्या: बादशहाच्या अंगरख्याला गळपट्टी आहे की नाही, आणि मधलं फूल उभं आहे की आडवं. पूर्व तिबेटात सुट्ट्यांसाठी हा रुपया छिन्नीनं अर्धा किंवा पाव तोडत. तोडलेले तुकडेही विकायला असतात, पण हल्ली तोडलेले कसे ओळखायचे ते नीट कळल्याशिवाय घेऊ नयेत. जुन्या तुकड्याची तुटलेली कड बाकी नाण्याइतकीच काळी आणि बोथट असते.

याच्या नकला सगळ्यात जास्त आहेत. साच्यात ओतलेलं खोटं नाणं भिंगाखाली लगेच कळतं: अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या, सपाट जागी बारीक छिद्रं, आणि काठावरच्या दात्यांत कुठंतरी जोडाची रेघ किंवा ती लपवायला मारलेल्या कानशीच्या खुणा. ठशानं पाडलेली खोटी जास्त फसवतात. तिथं वजन आणि पाणी हाच उपाय.

पाण्याची परीक्षा सोनूकडून करून घ्या. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा लागतो. आधी नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा. पाणी उकळून गार केलेलं घ्यायचं, म्हणजे बुडबुडे कमी, आणि त्यात भांड्याच्या साबणाचा एकच थेंब टाकायचा. बारीक नायलॉनच्या दोऱ्याचा फास करून नाणं पूर्ण बुडेल असं धरायचं, पण तळाला किंवा कडेला टेकू द्यायचं नाही. टेकलं की सगळा हिशोब चुकतो, काटा नाण्याचंच वजन दाखवायला लागतो. आता जो आकडा दिसेल त्यानं कोरड्या वजनाला भागायचं. राणीछाप, जर्मन किंवा सोमाली रुपया खरा असेल तर काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास थांबतो, भागाकार १०.३ येतो. १.३० च्या वर गेला तर आत तांबं-निकेल किंवा पितळ आहे, वर नुसता मुलामा. सेचुआनच्या बाबतीत घाई करू नका. पुढच्या काळात त्यातली चांदी उतरत गेली. ती ६५ टक्क्यांच्या आसपास असली, तर भागाकार ९.९ येईल आणि नाणं तरीही खरंच असेल. शिसं मिसळलेली नकल मात्र पाण्यालाही चकवू शकते, म्हणून पाण्यात पास झालं तरी काठ आणि अक्षरं पुन्हा बघायचीच. झिजलेलं खरं नाणं ११.४ पर्यंत उतरतं. ११.७५ च्या वर गेलेलं मी परत करतो.

ब्रिटिश पूर्व आफ्रिकेचं १९२० चं फ्लोरिन थोडक्यात. वजन तेच ११.६६, चांदी मात्र निम्मी, पाण्यात १.२१ येते. युद्धानंतर चांदी भडकली, रुपया पौंडाच्या हिशोबात वर चढला, तेव्हा तिथल्या सरकारनं रुपया दोन शिलिंगांना बांधला आणि त्याच्या जागी हे नाणं आणलं. पुढच्याच वर्षी शिलिंग आला आणि आफ्रिकेतल्या त्या भागातून तोळ्याचा हिशोब संपला. दिसायला साधं, पण रांगेचा शेवट म्हणून घेतलं.

तोळ्याबाहेरचं एक, आणि ते मुंबईचं आहे. इंग्रजांनी चीन आणि मलायाच्या व्यापारासाठी १८९५ पासून जो डॉलर पाडला, त्यातले बहुतेक मुंबईच्या टांकसाळीतले. २६.९५ ग्रॅम, ९० टक्के चांदी, पाण्यात २.६१. समुद्रकाठी त्रिशूळ घेऊन उभी ब्रिटानिया, मागं किंमत चिनी आणि मलायी लिपीत. त्रिशूळाच्या मधल्या टोकावर सुईच्या अग्राएवढा ‘बी’ असतो, ती मुंबई. माझ्या नाण्यावर चिनी सराफांचे छाप आहेत. पारख झाली की ते आपला शिक्का मारत. पूर्वी असे छाप असले की भाव पडायचा, आता चढतो, म्हणून नवे छापही मारतात. छापाच्या खड्ड्यात बघायचं: तिथली काळी झाक बाहेरच्यासारखीच हवी. खड्डा आतून पांढरा चमकला तर छाप कालचा.

आई, हे तुझ्यासाठी. व्हेनिसचं एक सोन्याचं डुकाट घेतलं. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी याच्यावरून आली. गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख, त्याच्यासमोर संत मार्क, मागं ताऱ्यांनी वेढलेला येशू. १२८४ पासून १७९७ ला ते राज्य बुडेपर्यंत हाच छाप जवळपास न बदलता चालला, म्हणूनच दूरदेशीच्या सराफांचा त्यावर विश्वास. वजन ३.४९ ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. आपल्या सोनारांनी केलेल्या पुतळ्यांवर लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघा झालेल्या असतात, चेहरेही ओळखू येत नाहीत. त्यांना खोटं म्हणू नये, सोनं बहुतेकदा चांगलंच असतं आणि कारागिरी आपली आहे. माझ्या डुकाटाला वर पूर्वी कडी होती: तिथं काठ चपटा आहे आणि कडी जोडल्याच्या डागाची फिकट खूण दिसते. त्यामुळं ते स्वस्त पडलं. पाण्याची परीक्षा पुतळीला घरच्या काट्यावर करू नका. आकडा ०.१८ च्या आसपास येतो आणि ०.०१ चा फरक पडला की बावीस कॅरटचं सोनंही शुद्ध वाटतं. सराफांच्या गुजरीत मिलिग्रॅमचा काटा असतो, तिथं करून घ्या.

भावाचं विचाराल तर लिलावात बोली लागली त्यावर २० ते २५ टक्के लिलाववाल्याचे, वर टपाल आणि विमा. बोली लावण्याआधीच हे सगळं वजा करून वरची मर्यादा लिहून ठेवायची. एका तोळ्याच्या रुपयात निव्वळ चांदी १०.६९ ग्रॅम. त्या दिवसाच्या चांदीच्या भावाहून स्वस्त कुणी देत असेल, तर आधी काठ बघायचा.

आता घरच्या पेटीचं. आबा, त्यातली नाणी चिंच, लिंबू, रिठा, रांगोळी, टूथपेस्ट कशानंही घासू नका. वरचा काळसर थर हवेतल्या गंधकानं आलेला असतो आणि तो नाण्याला सांभाळतो. घासलं की बारीक ओरखडे पडतात, ते पुन्हा जात नाहीत आणि जाणकार गिऱ्हाईक निम्म्या भावावर येतं. हुपरीच्या कारागिरांना दागिना उजळायची सवय असते, त्यांनाही नाण्याला हात लावू देऊ नका. मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्यांतली नाणी आधी बाहेर काढा. ते प्लॅस्टिक कालांतरानं चिकट हिरवा द्रव सोडतं आणि तो चांदी खातो. हिरवं दिसलं तर शुद्ध ॲसिटोन काचेच्या वाटीत घेऊन नाणं दहा मिनिटं ठेवा, द्रव बदलून पुन्हा पाच मिनिटं, काठाला धरून उचला आणि न पुसता वाळू द्या. नेल पॉलिश काढायचं औषध चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतो. खिडकी उघडी ठेवा. गॅस आणि देवाजवळची समई लांब, ॲसिटोन भडकन पेटतं.

रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाची काळी पट्टी उमटते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. पॉलिएस्टरचे कडक पारदर्शक खिसे मिळतात, त्यात एकेक घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. कोल्हापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत जी ओल असते ती पितळ-तांब्याला सगळ्यात वाईट. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करता येतात, पण स्वयंपाकाची कढई त्याला वापरू नका, तो रंग विषारी असतो. डबा पावसाळ्यात तळमजल्यावर नको.

दादा फेब्रुवारीत इकडं येणार आहे. त्याच्याजवळ पेटीतलं एकही नाणं देऊ नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि विमानतळावर ते समजावून सांगत बसणं बरं नव्हे. मीही इथली पोस्टानं पाठवत नाही. सोन्या-चांदीच्या नाण्यांच्या आयातीवर बंधनं आहेत. दोन्ही बाजूंचे फोटो आणि काठाचा एक, असे तीन-तीन सोनूच्या नंबरवर पाठवतो. त्यानं पेटीतले राणीछाप रुपये तोलून, पाण्यात धरून, साल आणि दोन्ही आकडे मला कळवावेत. १८६२ लिहिलेले असतील तर मागचे-पुढचे मोठे फोटोही काढायला सांगा, त्या सालात ठशांचे प्रकार फार आहेत.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
विनू