सोनूच्या केटीबद्दल

ऐरोली, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

सोनूला पहिल्या सेमिस्टरला मॅथ्समध्ये केटी लागल्यापासून (म्हणजे तो नापास झालेला पेपर पुन्हा द्यावा लागणार म्हटल्यापासून) तुम्हाला घोर लागलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, "सुटली तर नवा मोबाइल" असं कबूल करू नका. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये हे तपासलं होतं. कोडी सोडवायचे पैसे मिळालेले विद्यार्थी, पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात कोड्यांकडे आधीपेक्षा कमी वळले. मोबाइलसाठी तो एक पेपर काढेल, पण पुढे अजून सात सेमिस्टर आहेत.

मला खरी भीती वेगळीच वाटते. "मला मॅथ्स जमत नाही" हे एकदा मनात बसलं की लेक्चर बुडतं, मग पुढचं कळत नाही, हजेरी घसरते आणि कॉलेजच नकोसं होतं. म्हणून जमतंय हे त्याला स्वतःच्या वहीत दिसलं पाहिजे. जुन्या पेपरांतली मॅट्रिक्सची (ओळी-स्तंभांत मांडलेल्या आकड्यांची) पाचच गणितं घ्यायची. सोडवलेलं उदाहरण वाचून पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर सोडवायचं. पेन अडेल तिथे लाल खूण करून पुस्तकातली तेवढीच पायरी बघायची. बहुतेकदा दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट वजा करताना चिन्ह चुकतं आणि खालचं सगळं बिघडतं. मुलाला वाटतं, धडाच येत नाही! तेच गणित दोन दिवसांनी आणि आठवड्याने पुन्हा सोडवायचं. नुसतं वाचल्याने येतंय असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्याने ४२ टक्के आठवला, तर न बघता एकदा लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के.

"अभ्यास कर" म्हणण्यापेक्षा वेळ आणि जागा ठरवून द्या: नेरुळच्या कॉलेजातून आला, चहा झाला की चाळीस मिनिटं खिडकीजवळच्या टेबलावर.

आई, आठवड्यातून दोनदा तो मित्रांबरोबर लायब्ररीत थांबला तर रागावू नकोस. लोकलने आला-गेला, एवढंच नातं राहिलं तर कॉलेज आपलं वाटत नाही. मुलं शिक्षण का सोडतात यावर व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडणी केली, तिच्यात अभ्यासाच्या बरोबरीने कॉलेजात, मित्रांत रुळण्याला जागा आहे. लाल खुणांची वही घेऊन सरांनाही भेटू दे. "काहीच कळत नाही" म्हटलं तर सर तरी काय सांगणार?

शेजारच्या मुलीचा पॉइंटर (ग्रेडचा आकडा) त्याच्यासमोर काढू नका. "आज कुठे अडलं?" एवढंच विचारा.

आणि बाबा, केटीचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, त्याची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तुमची लेक