कीबोर्डला हात न लावणाऱ्या ताईंना

ताई,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ताई. पत्र मात्र चारचौघांत लिहितोय. आभार समोर मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता, त्याला दुसरा इलाज नाही.

माझं काम हिशेब तपासायचं. सर्व्हर सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेला आणि ‘तुला कॉम्प्युटरमधलं कळतं’ एवढ्याच भांडवलावर ते यंत्र माझ्या गळ्यात पडलं. तुम्ही पहिल्यांदा काय केलंत, तर कोपऱ्यात पडलेला एक जुना कॉम्प्युटरचा डबा पुढे ओढलात आणि म्हणालात, “आधी हा बिघडव. चालू सर्व्हरला नंतर हात लाव.”

त्यावर डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकायला घेतलं. डिस्क निवडायच्या पडद्यावर दोन नावं दिसत होती, एसडीए आणि एसडीबी. मी पहिलंच निवडणार, तेवढ्यात तुम्ही विचारलंत, “आकडा वाचलास का?” एक 500 जीबीची होती, दुसरी 16 जीबीची. म्हणजे ज्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल चाललं होतं, तोसुद्धा यादीत बसला होता. नावावर विश्वास ठेवायचा नाही, आकार बघायचा, हे तिथे कळलं. पुढे डेस्कटॉपच्या चौकटीवरची खूण काढायला लावलीत, एसएसएच सर्व्हरच्या (दुसऱ्या मशीनवरून सुरक्षितपणे आत यायच्या सोयीच्या) चौकटीवर खूण करायला लावलीत. मशीन पुन्हा सुरू झालं आणि समोर नुसता काळा पडदा. पासवर्ड टाइप करतोय तर काहीच उमटेना, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड गेला म्हणून मी केबल काढून पुन्हा लावली. तुम्ही हसलात, पण सांगितलं नाहीत. मीच वैतागून एंटर दाबलं आणि आत गेलो.

मग फायरवॉलचा, म्हणजे नेटवर्कवरच्या राखणदाराचा दिवस. बाहेरून येणारं सगळं बंद ठेवायचं एवढंच डोक्यात होतं. यूएफडब्ल्यू हा फायरवॉल सुरू करताना त्याने सरळ विचारलं होतं की चालू एसएसएच जोडणी तुटू शकते, पुढे जायचं का. न वाचता ‘वाय’ दाबलं, खिडकी बंद केली, चहाला गेलो. परत येऊन बघतो तर ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. घाम फुटला. तुम्ही शेजारी खुर्ची ओढून बसलात आणि एकच प्रश्न विचारलात: “टाइम्ड आउट म्हणतंय की रिफ्यूज्ड?” मला तोवर दोन्ही सारखेच वाटायचे. रिफ्यूज्ड म्हणजे यंत्र जागं आहे, पण त्या पोर्टवर, म्हणजे आत यायच्या त्या क्रमांकाच्या दारावर, कोणी ऐकत नाही. टाइम्ड आउट म्हणजे बहुतेक वेळा डेटाचं पाकीट वाटेतच कोणीतरी गिळतंय. गिळणारा मीच बसवला होता, हे लक्षात यायला मला अकरा मिनिटं लागली. घड्याळ समोरच होतं, म्हणून आकडा पक्का आठवतो. तेवढा वेळ तुम्ही गप्प होतात. शेवटी मी मॉनिटर आणि कीबोर्ड थेट डब्याला जोडला, पोर्ट 22 मोकळं केलं आणि आत आलो. त्यानंतर तुम्ही गोष्ट सांगितलीत: विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले म्हणून फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी 1995 साली एसएसएच लिहिलं, आणि फाइली पाठवायच्या एफटीपीचं 21 नि दुरून लॉगिन करायच्या जुन्या टेलनेटचं 23 यांच्या मधला 22 हा रिकामा आकडा मागून घेतला. तेव्हापासून तो आकडा मी विसरलेलो नाही.

डिस्क भरली तेव्हाचा प्रकार तर मी अजून लोकांना सांगतो. डेटाबेस बंद पडलेला, डिस्क किती भरली ते सांगणारी ‘डीएफ’ कमांड शंभर टक्के दाखवतेय. मी एक अवाढव्य लॉग फाइल, म्हणजे यंत्राच्या नोंदींची फाइल, शोधून उडवली. पुन्हा डीएफ, तरीही शंभर. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, “ती फाइल कोणी उघडून बसलंय का बघ.” उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएसओएफ’ने दाखवलं: फाइलच्या नावापुढे ‘डिलीटेड’, आणि तरी एक सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारा प्रोग्रॅम, तिला धरून बसलेली. नाव गेलं होतं, जागा अडलेलीच होती. सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि जागा सुटली.

(फाइल लिहायच्या एडिटरवरून, म्हणजे तुमच्या व्हीआयवरून, मात्र आपलं कधी जमणार नाही. मी नॅनोच वापरणार.)

हे सगळं आज का लिहितोय ते सांगतो. मागच्या आठवड्यात आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाला पासवर्डने लॉगिन बंद करून फक्त कीवर, म्हणजे फाइलीत ठेवलेल्या डिजिटल किल्लीवर, आणायचं काम दिलं. तुमचा नियम सांगितला: एक खिडकी आत शिरलेली राहू दे, तिला हात लावू नकोस, नव्या खिडकीतून तपास. एसएसएचची सर्व्हिस रीलोड केली तरी चालू जोडणी तुटत नाही, हे त्याला पटेना, म्हणून करूनच दाखवायला सांगितलं. त्याने केलं. पहिली खिडकी शाबूत, दुसरीला ‘परमिशन डिनाइड’.

त्याने माझ्याकडे बघितलं. मला कारण दिसत होतं. आदल्या दिवशी काहीतरी चालेना म्हणून त्याने स्वतःच्या होम फोल्डरवर 777 मारलं होतं, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क. असं कोणालाही लिहिता येणारं फोल्डर असलं की एसएसएच त्यातल्या कीवर भरवसाच ठेवत नाही. आजवर पासवर्डने काम भागत होतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझे हात कीबोर्डकडे निघालेच होते. मी ते मांडीखाली दाबून बसलो आणि म्हणालो, “लॉग वाच.”

लॉगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, डिरेक्टरीचे हक्क चुकीचे आहेत. तो दोनदा त्या ओळीवरून पुढे गेला. तिसऱ्यांदा थांबला, 700 (फक्त मालकाला हक्क) टाइप केलं आणि दुसरी खिडकी उघडली.

ताई, त्या अकरा मिनिटांत गप्प बसणं तुम्हाला किती जड गेलं असेल, ते मला परवा कळलं.

तुमचा,
अजूनही नॅनोवाला