विमानाचा वेळ छापता, तसा घरापासूनचा पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत नेपाळवर लेख होता, त्यात 'मुंबईहून काठमांडू फक्त अडीच तास' असं मोठ्या अक्षरात होतं. आईने वाचलं आणि लगेच मला विचारलं, "कितलं दूर शे रे भाऊ?" तिला वाटलं सकाळी निघालं की दुपारी पशुपतीनाथाचं दर्शन. अडीच-पावणेतीन तास हा हवेतला वेळ, तो बरोबरच आहे, पण जळगावच्या माणसाला तेवढ्यावरून काय कळणार?

मी नकाशावर पट्टी ठेवून बघितलं. जळगाव ते काठमांडू सरळ रेषेत साधारण १,२५० किमी भरतं. पण विमानासाठी आधी उलटं मुंबईला जायचं, रेल्वेने ४२० किमी, मग इंटरनॅशनल म्हणून तीन तास आधी एअरपोर्टवर, आणि तिथून १,६०० किमी उडायचं. मुंबई-काठमांडू रेषा ओढली तर ती जळगावजवळूनच जाते हो! म्हणजे रात्रभर रेल्वेत बसून जायचं आणि परत आपल्याच घरावरून उडायचं. दिल्लीहून अंतर कमी, ८०० किमीच्या आसपास, पण दिल्ली गाठायलाच रात्र जाते.

अजून एक, तिकिटावरच्या वेळा तिथल्या-तिथल्या असतात आणि नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे. दिल्लीहून १० वाजता निघालं आणि १ तास ४० मिनिटं लागली तर तिकिटावर ११:५५ दिसणार, येताना तेवढाच प्रवास १ तास २५ मिनिटांचा वाटणार. त्यात त्रिभुवन एअरपोर्ट डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात, धावपट्टी एकच, त्यामुळे गर्दी असली की विमान वरच घिरट्या घालतं, थंडीत सकाळी धुकं असलं तर खोळंबाच. पुढचं कनेक्शन तासाभराचं ठेवणाऱ्यांनी हे आधी बघावं.

विमान परवडत नाही म्हणून आपल्याकडचे बरेच भाविक भुसावळहून रेल्वेने गोरखपूर, मग सोनौली बॉर्डर आणि पुढे बसने घाटातून जातात. सोनौली ते काठमांडू पावणेतीनशे किमीच्या आसपास, पण ते आपल्या हायवेसारखं चार-पाच तासांत होत नाही, पूर्ण दिवस जातो, पावसाळ्यात दरडी पडतात. ऑगस्ट २०२४ मधे पोखऱ्याहून काठमांडूला जाणारी बस मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि आपल्या जिल्ह्यातले वीसच्या वर लोक गेले. वरणगाव-भुसावळकडची ती घरं अजून सावरली नाहीत. म्हणून 'जवळच आहे' हा शब्द माझ्या मनाला लागतो.

माझी विनंती एवढीच की असा लेख छापताना शेजारी एक चौकट द्या, जळगाव, धुळे, नंदुरबारहून निघून काठमांडूत पोचेपर्यंत एकूण किती तास, कुठे मुक्काम, रस्ता कोणत्या महिन्यात टाळायचा. आणि विमानाने जाणाऱ्यांना पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र लागतं हे ठळक छापा, लोक आधार कार्डावर भरवसा ठेवून निघतात. श्रावणातल्या टूरचे पैसे लोक दोन महिने आधीच भरून मोकळे होतात, तर ज्येष्ठातच छापलं तर बरं होईल.

आपला एक जुना वाचक,
जळगाव