यशोगाथेच्या चौकटीत खर्चही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आपल्या शेतीच्या पानावर एक लेख आला होता. चाकणची नोकरी सोडून गावी आलेल्या तरुण दाम्पत्याने द्राक्षबाग फुलवली आणि दोन एकरांत दहा लाखांचं उत्पन्न घेतलं, असा. ते दाम्पत्य म्हणजे आम्ही. लेख मनापासून लिहिला होता, माझ्या सासऱ्यांनी तो लॅमिनेट करून सोप्यात लावलाय आणि आल्यागेल्याला दाखवतात. लिहिणाऱ्या पत्रकारदादांबद्दल माझी काही तक्रार नाही. दुपारच्या उन्हात ते बागेत आले, आपुलकीनं बोलले. तक्रार आहे ती दहा लाखांबद्दल.

तो आकडा खोटा नाही. पण ती बेदाण्याची विक्री होती. त्यातून काय गेलं, हे लेखात कुठेच नव्हतं. मी बी.कॉम. आहे, लग्नाआधी मिरजेत एका सीएंच्या ऑफिसात हिशेब लिहायचे. बागेची वही मीच ठेवते आणि त्या दिवशी ती ओसरीवर टेबलावरच होती. कुणी उघडायला सांगितली नाही. म्हणून आता उघडते.

त्या हंगामात दोन एकरांत साधारण वीस टन माल निघाला. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा, म्हणजे पाच टन. गेल्या वर्षी बेदाण्याला भाव बरा होता, सरासरी दोनशे रुपये पडला. झाले दहा लाख. आता दुसरी बाजू. औषधं २ लाख ४० हजार. खतं १ लाख १० हजार. छाटणी, डोळे फुटायला लावायची पेस्ट, विरळणी, घड द्रावणात बुडवायचं डिपिंग, काढणी धरून मजुरी १ लाख ९० हजार. भाड्याचा ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरवरचं फवारणीयंत्र, आणि डिझेल ६० हजार. शेडवर बेदाणा करून घेणं, निवडणं आणि शीतगृहाचं भाडं १ लाख १० हजार. उरले २ लाख ९० हजार. त्यातून बँकेचा हप्ता १ लाख ३० हजार. राहिले १ लाख ६० हजार, म्हणजे महिन्याला तेरा हजार आणि काही. राबणारी माणसं आम्ही दोघं, शिवाय सासू-सासरे. चौघांची मजुरी मी वहीत धरलेलीच नाही, ती धरली तर बेरीज उणे होते. सौद्यात मालाची पारख करायची म्हणून मूठमूठ बेदाणा उधळतात आणि तो वजनात येत नाही, तेही वेगळं.

दहा लाख वाचून आम्हाला फोन आले. चुलत सासऱ्यांचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे, तिकडे उमदी-संखपासूनचे. एकानं तर बहिणीसाठी स्थळ बघत होतो म्हणून फोन केला, तुमच्यासारखा बागायतदार भाऊबंदांत कुणी आहे का म्हणून. इथे गावोगाव शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही आणि माझ्या स्वतःच्या वडिलांनी, जावई नोकरी सोडतोय कळल्यावर, बरेच दिवस फोन घेतला नव्हता. माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, उसाचं. उसाला पाणी दिलं की उभा राहतो, कारखाना तोडून नेतो आणि बिल मागंपुढं का होईना खात्यावर येतं. वडिलांच्या लेखी द्राक्ष म्हणजे सट्टा. सगळंच चूक म्हणत होते असं नाही.

पण सगळ्यात जास्त काळजी वाटली ती एका जोडप्याची. जत तालुक्यातून आले होते. दोघं आमच्याच वयाचे, तो पुण्यात कंपनीत, ती एका शाळेत हंगामी शिक्षिका. लेखाचं कात्रण सोबत होतं. गावाकडं पाऊण एकराचा एक तुकडा विकायचा आणि उरलेल्या तीन एकरांत मांडव टाकायचा, असं ठरवूनच आले होते. त्यांना मी वही दाखवली. तो वाचत गेला आणि ती गप्प होत गेली. शेवटी तिनं विचारलं, "पहिलं पीक कधी आलं तुम्हाला?" हा प्रश्न आपल्या लेखात असायला हवा होता.

त्याचं उत्तर असं. आम्ही २०२२ च्या जानेवारीत डॉगरीजची, म्हणजे जंगली द्राक्षाच्या खुंटाची, रोपं लावली. आमच्याकडं पाणी क्षाराचं, म्हणून जंगली खुंटाशिवाय पर्याय नाही. त्या पावसाळ्याच्या अखेरीस खुंटावर सुपर सोनाका या जातीचं कलम भरलं. पुढचं सगळं वर्ष वेल बांबूला बांधणं, शेंडा मारणं, ओलांडे, म्हणजे मांडवावरच्या आडव्या फांद्या, तयार करणं. पहिली ऑक्टोबर छाटणी २०२३ ला आणि पहिला माल २०२४ च्या फेब्रुवारीत, तोही निम्माच. म्हणजे खड्डा काढल्यापासून दोन वर्षं बागेतून रुपया नाही. या दोन वर्षांत घर कशावर चाललं? यांच्या पीएफवर, माझ्या तोड्यांवर काढलेल्या सोनेतारण कर्जावर आणि सासऱ्यांच्या दोन म्हशींवर. आपल्या यशोगाथेत या म्हशी नाहीत. खरं तर त्यांचाच फोटो आधी यायला हवा होता.

भांडवलाचंही तेच. नऊ बाय पाच फुटांवर एकरी साडेनऊशेच्या वर झाडं बसतात. मांडवाचे अँगल आणि तार जुनी घेऊनही आम्हाला दोन एकरांना साडेसहा लाख लागले. ठिबक, रोपं, कलम, शेणखत मिळून आणखी सव्वातीन. जुने अँगल मिळाले कुठून, तर शेजारच्या गावात एकानं लागोपाठ नुकसान सोसून बाग काढली, त्याच्याकडून. लोखंड उतरवून देताना तो माणूस यांना म्हणाला होता, "पाण्याचं बघून घ्या, आणि कर्ज एकाच बँकेचं ठेवा." त्याच्यावरही एक लेख करा, ही माझी विनंती समजा. तासगाव, मिरज पूर्व, कवठेमहांकाळ या पट्ट्यात बागा लागल्या त्याच्या कथा खूप छापून आल्या. कुऱ्हाड लावावी लागली, त्यांना कुणी हिशेब विचारत नाही.

आता फोटोविषयी थोडं. दादा म्हणाले, "वहिनी, जरा चांगली साडी नेसून घड हातात धरा." धरला. खाली ओळ आली, 'पत्नीची मोलाची साथ'. ही साथ काय असते ते कळावं म्हणून सांगते. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा, म्हणजे कोवळा फुटवा, फुटल्यापासून मणी धरेपर्यंत दावण्या या बुरशीच्या रोगाचा धोका. रात्री पाऊस पडला किंवा पानावर दव राहिलं की उजाडायच्या आत औषध गेलं पाहिजे. कुठलं बुरशीनाशक कधी मारलं, पाठोपाठ एकाच गटातलं जात नाही ना, हे टिपण माझ्याकडं. मणी फुगवायच्या जीए संजीवकाचं द्रावण मी करते, त्याचा सामू (पीएच) मी बघते, विरळणीला येणाऱ्या बायकांना घडाची कुठली पाकळी ठेवायची आणि कुठली काढायची ते मी दाखवते. ब्लोअरवर हे बसतात, कारण ट्रॅक्टर मला अजून वळणावर आवरत नाही. औषधाच्या दुकानात मात्र अजूनही विचारतात, "मालक नाही आले?" सातबारा सासऱ्यांच्या नावावर, कर्ज त्यांच्या नावावर, पीक पाहणी त्यांच्या नावावर. त्यामुळे शेतकरी कोण या रकान्यात आम्ही दोघंही नाही. तेव्हा साथ म्हणायचीच तर आमच्या सासऱ्यांची म्हणा.

पुण्याच्या मैत्रिणी विचारतात, वाईन करता का? त्यांना सांगते, राज्याच्या २००१ च्या वाईन धोरणानंतर आपल्या जिल्ह्यात पलूसलाही वाईन पार्क झालं, पण तो धंदा वाढला नाशिककडं. आमचा धंदा बेदाण्याचा. नागज, जुनोनीकडं हवा कोरडी आणि वारा सतत, म्हणून शेडमधल्या जाळीवर द्राक्ष पंधरा दिवसांत वाळतं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यामागं हीच हवा आहे. ताज्या मालाच्या चार किलोच्या पेटीला कधीकधी भाव चांगला निघतो, पण परप्रांतातला व्यापारी माल उचलून गेला आणि दिलेला चेक वठला नाही, असं आमच्या भावकीत दोघांचं झालंय. बेदाणा निदान शीतगृहात थांबतो.

आता लेख छापून आल्यानंतरचं वर्ष. आम्ही एप्रिलच्या सुरुवातीला खरड छाटणी, म्हणजे माल निघाल्यानंतरची छाटणी, घेतली होती. या छाटणीनंतर ४० ते ६० दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. तो वरून दिसत नाही, पण ठरतो तेव्हाच आणि त्याला ऊन लागतं. २०२५ च्या मे महिन्यात ऊन कुठं होतं? वळवाचा पाऊस लागला तो पुढं मान्सूनला जाऊन मिळाला. काडी पिकली नाही, शेंडे वाढतच राहिले. सगळ्यांना अंदाज होता, तरी ऑक्टोबरला छाटणी केली, कारण न करून चालत नाही. डोळे फुटले आणि घड यायच्या जागी बाळ्या, म्हणजे वेलाचे नुसते ताणे, आल्या. झाडावर पंचवीस-तीस घड धरायचे, तिथं सात-आठ दिसतात, काही ओळींत तेवढेही नाहीत. फळपीक विम्याचं विचारायला गेलो, तर द्राक्षाचा विमाकाळ ऑक्टोबर छाटणीनंतरचा. मेमधल्या पावसानं डोळ्यात घडच घडला नाही, हे नुकसान त्यात कुठं बसत नाही. आणि घड नसले तरी पानं निरोगी ठेवावी लागतात, नाहीतर पुढचं वर्षही जातं, म्हणून औषधांचा खर्च थोडाच कमी होतो. महिन्याभरात काढणी आहे. दुकानदाराची उधारी फिटली तरी मी पेढे वाटीन.

हे वाचून आम्ही रडतोय असं कुणाला वाटू नये. बाग काढायचा विचार नाही. म्हैसाळ योजनेच्या पाण्याचं आवर्तन वेळेवर सुटलं, एप्रिलची छाटणी नीट साधली तर पुढचं वर्ष आमचं आहे. यांना चाकणच्या शिफ्टचा कंटाळा आला होता, मला भाड्याच्या खोलीचा, आणि मांडवाखाली काम करताना आम्ही जितकं भांडतो तितकं पुण्यात बोलायलाही वेळ मिळत नव्हता. पण आमच्या दोघांच्या आवडीवर तिसऱ्यानं आपली जमीन विकू नये, एवढंच.

म्हणून आपल्याकडं तीन मागण्या आहेत. एक, यशोगाथेत विक्रीचा आकडा छापाल तिथंच त्याच अक्षरात खर्च, कर्जाचा हप्ता आणि पहिल्या पिकापर्यंतची वर्षं छापा. शेतकरी सांगत नसेल तर तसं लिहा. दुसरी, घरात दुसरं कुठलं उत्पन्न आहे ते विचारा; नोकरी, पेन्शन, दूध, जे असेल ते. तिसरी मागणी जरा अवघड आहे. ज्यांच्यावर लेख केला त्यांच्याकडं तीन वर्षांनी पुन्हा जा. आमच्याकडं लगेच यायला हरकत नाही, फेब्रुवारीत या, वही तयार ठेवते. या वेळी फोटो ब्लोअरवरचा काढा.

जतच्या त्या जोडप्याचा परवा फोन आला होता. तुकडा विकलेला नाही. तिची शाळा चालू आहे, तो सुट्टी काढून गावी येतो आणि सध्या एकाच एकराची माती आणि विहिरीचं पाणी तपासायला दिलंय. अहवालात क्षार किती येतात ते मला कळवणार आहेत.

आपली,
एक द्राक्ष बागायतदार
ता. कवठेमहांकाळ, जि. सांगली
(नाव-पत्ता कार्यालयाकडे दिला आहे. सासऱ्यांनी हे पत्र वाचलेलं नाही, म्हणून नाव छापू नये.)