भीती शिवलीच नाही म्हणे!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला शांतीसेनेवरचा लेख वाचला. सोबत निळ्या टोप्यांतल्या जवानांचा फोटो. साहेब, १९८७ साली आम्ही श्रीलंकेत गेलो ते भारत सरकारच्या हुकमाने, संयुक्त राष्ट्रांच्या नव्हे. निळी टोपी आमच्या डोक्यावर कधी चढलीच नाही. ते एक असो. पण ‘या जवानांना भीती शिवलीही नाही’, हे लेखकमहाशयांनी कोणाला विचारून लिहिलं?

मी तेव्हा वीस वर्षांचा, महार रेजिमेंटचा शिपाई. गावाला वाटलं, शांतीसेना म्हणजे नुसतं उभं राहायचं. ऑक्टोबरात तमिळ वाघांच्या (एलटीटीई) बंडखोरांविरुद्ध ऑपरेशन पवन ही मोहीम सुरू झाली आणि शांती नावापुरती उरली. उत्तर श्रीलंकेतल्या जाफना शहराच्या गल्ल्यांना दोन्ही बाजूंनी ताडाच्या झावळ्यांची कुंपणं. आमच्याकडे एकेक गोळी झाडणाऱ्या एसएलआर रायफली, समोरून धडाधड गोळ्या सोडणाऱ्या एके-४७. रात्री पहाऱ्यावर वाळकी झावळी गळून पडली तरी पोटात गोळा यायचा.

माझी युक्ती बुटाच्या नाडीची. गस्तीला फॉलइन झालं, म्हणजे रांगेत उभं राहिलं, की मी वाकून नाडी सोडायचो, परत बांधायचो. हाताला काम असलं की थरथर दिसत नाही. सगळे म्हणायचे, गडी टापटिपीचा! एकदा आमचे हवालदार शेजारी येऊन बसले. सांगलीकडचे. हळूच म्हणाले, “पोरा, झाली असंल गाठ मारून तर ऊठ. मला बी तंबाखू मळायचीय.” मळता मळता निम्मी तंबाखू त्यांच्या गुडघ्यावर सांडत होती. मी बघितलं, त्यांनीही बघितलं. दोघंही काही बोललो नाही.

घरी पत्रात मात्र ‘इथे नारळ भरपूर, काळजी नसावी.’

२५ नोव्हेंबरला आमच्या रेजिमेंटचे मेजर परमेश्वरन लढताना गेले. पुढे त्यांना परमवीर चक्र मिळालं. बातमी आली त्या रात्री लंगरातला भात तसाच राहिला. हेही तुमच्या लेखात नाही. बाराशेच्या आसपास जवान तिकडेच राहिले आणि १९९० च्या मार्चात शेवटची तुकडी मद्रासला उतरली, तेव्हा तिथले मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला फिरकले नाहीत. आज मात्र पुरवणीत रंगीत फोटो. तोही दुसऱ्यांचा!

जाता जाता : दिवाळीत पाठवलेल्या माझ्या पत्राच्या आपण दोनच ओळी छापल्यात, आणि त्यातही गावाचं नाव चुकवलंत. हे छापणार असाल तर तंबाखूसकट छापा, नाहीतर राहू द्या.

आपला,
एक निवृत्त नायक, जि. सातारा