छाटणीवाल्याला साइटचा बेल्ट देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल-मे आला की पुण्या-मुंबईत फांद्या छाटायची कामं जोरात सुरू होतात. पावसाआधी गुलमोहर, रेन ट्री, सोनमोहर हलके करायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण वर चढलेल्या माणसाकडे कधी नीट बघा. कमरेला नुसता दोर बांधलेला असतो, नाहीतर बिल्डिंगच्या साइटवर असतो तो फुल बॉडी बेल्ट, आणि बऱ्याचदा तोही खाली टेम्पोतच पडून असतो. मग लोक म्हणतात, सांगूनही बेल्ट घालत नाहीत, ऐकतच नाहीत ही माणसं. मी छाटणीची कामं करतो, सुट्टीला हौसेनेही झाडावर चढतो, आणि माझं मत असं की इथे माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला दिलेला बेल्टच चुकीचा आहे.

साइटच्या बेल्टला दोर अडकवायची डी रिंग, म्हणजे इंग्रजी डी अक्षरासारखी धातूची कडी, पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध असते. माणूस पडला तर त्याला धरून ठेवायचं एवढंच तिचं काम आणि ते ती चांगलं करते. झाडावर मात्र आपण तास-दीड तास दोरावर बसूनच काम करतो, सगळं वजन त्या पट्ट्यावर असतं. दोर पाठीमागे असला तर हात त्याच्यापर्यंत पोचत नाही, अंग पुढे कलतं, मांड्यांमधले अरुंद पट्टे काचायला लागतात आणि पाय बधिर होतात. असा बेल्ट कोण घालेल हो? आणि हा फक्त त्रासाचा प्रश्न नाही, हालचाल न करता पट्ट्यात लटकून राहिलं तर रक्त पायातच साचतं आणि माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो.

झाडासाठीचा बेल्ट, म्हणजे हार्नेस, वेगळाच असतो. कमरेला रुंद पॅड, मांड्यांना रुंद लेग लूप, दोन्ही बाजूंना खोडाभोवतीचा दोर अडकवायला डी रिंग, आणि पुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत एक छोटा मजबूत दोर, त्याला ब्रिज म्हणतात. मुख्य दोर ज्या रिंगला लागतो ती या ब्रिजवर डावी-उजवीकडे सरकते, त्यामुळे लांबच्या फांदीकडे कलंडलात तरी कंबर पिळवटत नाही. दिवसभर काम करणाऱ्याला याचा किती फरक पडतो ते एकदा लटकून बघितल्याशिवाय कळणार नाही. हा ब्रिज घासून झिजतो म्हणून वेगळा बदलता येणाराच हार्नेस घ्यावा आणि चढायच्या आधी रोज त्यावर बोट फिरवून बघावं. लेबलवर ईएन 813 आणि ईएन 358 हे युरोपीय मानकांचे दोन्ही आकडे आहेत का तेही बघा, पहिला बसून काम करण्यासाठीचा, दुसरा खोडाला धरून उभं राहण्यासाठीचा.

सह्याद्रीत क्लाइंबिंग करणारी मुलं मला विचारतात की आमचाच हार्नेस चालेल का. थोडा वेळ मजेसाठी चढायचं असेल आणि सोबत जाणकार असेल तर चालतो, वजनाला हलका असतो, जेमतेम चारशे-पाचशे ग्रॅम. पण करवत घेऊन काम करायला अजिबात नको. त्याला बाजूच्या डी रिंग नसतात, आणि कमरेला जे गिअर लूप दिसतात ते फक्त सामान लटकवायला असतात, माणसाचं वजन पेलायला नाही. खोडाभोवतीचा दोर त्यात अडकवलेला मी पाहिलाय, बघूनच पोटात गोळा येतो.

विकत घेताना दुकानात उभं राहून बकल लावून बघितलं म्हणजे झालं असं नाही, दुकानदाराला सांगा दोर बांध, मला पंधरा मिनिटं लटकू दे. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. लटकल्यावर कंबरपट्टा बरगड्यांपर्यंत सरकला तर साइज मोठा आहे, तो कमरेच्या हाडांच्या जरा वरच राहिला पाहिजे. आपल्याकडचे बरेच कामगार अंगाने बारीक असतात, त्यांना मीडियम-लार्ज गळ्यात मारला जातो कारण ठेकेदाराने दहा नग एकाच मापाचे उचललेले असतात. कामावर घालता तीच पँट घालून माप द्या. उकाड्यात जाड फोम घामाने ओला होऊन कातडी सोलते, म्हणून जाळीचं पॅड बरं. आणि हार्नेस चेनसॉचं पेट्रोल-ऑइल सांडलेल्या डिकीत टाकू नका, साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवा.

नारळाचं गणित निराळं. वर दोर टाकायला फांदीच नाही, त्यामुळे कोकणातल्या, गोव्यातल्या नारळ पाडणाऱ्या पाडेल्यांना खोडाभोवती फिरणारा पट्टा आणि कमरेचा रुंद सपोर्ट हाच आधार. नारळ विकास मंडळाने 2011 मध्ये केरळात यंत्राने नारळावर चढायचं प्रशिक्षण सुरू केलं. यंत्राने चढणं सोपं झालं खरं, पण वर गेल्यावर दोन्ही हात कोयत्याला आणि नारळाला लागतात, तेव्हा अंगाला नीट बसणारा पट्टा हवाच.

महापालिकांच्या वृक्ष प्राधिकरणांना आणि उद्यान विभागांना माझी विनंती एवढीच आहे की छाटणीच्या टेंडरमध्ये नुसतं ‘सेफ्टी बेल्ट’ लिहू नका. बसून काम करण्याचा हार्नेस, बाजूला डी रिंग, करवत चालवताना दोन ठिकाणी अडकवलेला दोर, प्रत्येक कामगाराच्या मापाचा वेगळा नग, आणि खाली एक असा माणूस की जो वर चढून लटकलेल्याला उतरवू शकेल, हे सगळं शब्दात लिहा आणि बिल पास करायच्या आधी साइटवर जाऊन तपासा.

आपला,
झाडांची कामं करणारा एक वाचक, पुणे